सायकलीचा कट-ऑफ

सौदामिनी बिडवे यांनी ट्रायथलॉन करायचे ठरवले तेव्हा त्यांच्याकडे फक्त सायकल नव्हती. बाकी सगळे होते. लहानपणी लातूरजवळच्या मुरुडच्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून त्या पोहायला शिकल्या होत्या. वडिलांच्या उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून शाळेत गेल्या होत्या. आणि लातूरच्या सरकारी कचेरीत लेखाधिकारी झाल्यापासून साहेबांच्या केबिनकडे धावणे रोजचेच होते. त्यात पुण्याच्या धाकट्या जावेने, मालविकाने, गळ्यात पदक घातलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये थांबायचं नाही. ताई, तुम्हीही करून बघा ना!’ त्यातला ‘ना’ सौदामिनीबाईंना झोंबला.

त्या सरळ शरणप्पांच्या सायकलीच्या दुकानात गेल्या.

“मला बसेल अशी सायकल दाखवा.”

शरणप्पांनी त्यांच्या उंचीकडे पाहिलेही नाही. “क्लास कोणता लावलाय मॅडम?”

“क्लास कशाला? सायकल घ्यायचीय.”

“ते बराबर हाय. पण बॅच कळल्याबिगर सायकल कशी देऊ? ए बॅचलाबी तीच आन् बी बॅचलाबी तीच दिली, तर मेरिटला काय अर्थ ऱ्हायला?”

भिंतीला टेकून सरळ दांडीची एक निळी सायकल उभी होती. बाईंनी तिच्यावर बसून पाहिले. पाय जमिनीला टेकले, पाठ ताठ राहिली, ब्रेक हातात आले. “हीच द्या.”

“ही बी बॅचची हाय,” शरणप्पा आवाज खाली आणून म्हणाले, जणू सायकलीने ऐकले तर तिला वाईट वाटेल. “तुमच्यासारख्या ऑफिसर बाईनं बीची न्यावी? लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील हे बाईंना ठाऊक होते. त्यांनी क्लासचा पत्ता विचारला.

भूकंपानंतर कितीतरी वर्षे लातूरकर घरावर दुसरा मजला चढवायला भीत. ही भीती पहिल्यांदा मोडली ती क्लासवाल्यांनी. यज्ञेश सरांची ट्रायथलॉन अकॅडमी अशाच एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर होती. सर मूळचे रसायनशास्त्राचे.

“सर, आपण स्वतः कितीदा ट्रायथलॉन केलीय?” बाईंनी विचारले.

सर क्षमाशीलपणे हसले. “मॅडम, मी शेकडो डॉक्टर घडवले. मी कधी कुणाला इंजेक्शन दिलंय का?”

बाईंनी अर्ज भरला. प्रवेश परीक्षा झाली. सायकलीच्या साखळीतील वंगणाचे गुणधर्म, धावताना स्नायूंत साठणाऱ्या आम्लाचे सूत्र, घामातील क्षारांचे प्रमाण. बाईंनी सुट्टी काढून घोकंपट्टी केली आणि त्या ए बॅचमध्ये आल्या. ए बॅचला रेसची सायकल लागू होती: वाकडी मूठ, सुरीच्या पात्यासारखी सीट आणि साच्यातून एकाच मापाने काढलेली उंची. बाई तिच्यावर चढल्या तेव्हा त्यांचे पाय हवेत राहिले.

“सर, पाय पोचत नाहीत.”

“पाय पोचत नाहीत, हा सायकलीचा दोष नव्हे,” सर गंभीरपणे म्हणाले. “कट-ऑफच्या वर आलात. आता माप काढत बसू नका.”

निळी सायकल गेली गुरुपादप्पांकडे. हे औशाचे भुसार व्यापारी, अंगाने ताडमाड, पण सूत्रांत कच्चे. म्हणून बी बॅच. त्या सायकलीवर बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला लागत. एका सकाळी ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, एक बोलू का? तुमची मला बराबर बसते, माझी तुम्हाला. गुपचूप बदलून घेऊ. दोघांचंबी भलं.”

बाईंच्या मनात आले, हो म्हणावे. पण सासूबाई केवळाबाई यांनी साऱ्या गल्लीत सांगून ठेवले होते, “आमची सून ए बॅचला हाय. बीचे लोक लई निराळे.” मालविकालाही कळवून झाले होते.

“नियमात बसत नाही हो,” बाई म्हणाल्या. गुरुपादप्पा मान डोलावून, गुडघे सांभाळत निघून गेले.

राहिले पोहणे. त्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचे पाणी रेल्वेने येत होते आणि पोहण्याचा तलाव कोरडा पडला होता. पण सरांनी अभ्यासक्रम अडू दिला नाही. विद्यार्थ्यांनी बाकावर पालथे पडून हात मारायचे आणि सरांनी फळ्यावर लाटांची दिशा दाखवायची, अशी व्यवस्था झाली.

“सर, मला पोहता येतं,” बाई बाकावरून म्हणाल्या.

“कुठे शिकलात?”

“मुरुडला. विहिरीत.”

वर्गात हशा पिकला. सरांनी तो थांबवला नाही. “विहिरीचं पोहणं सिलॅबसमध्ये नाही. ते आधी विसरावं लागेल. नाहीतर कन्फ्युजन होतं.”

बाई हुशार विद्यार्थिनी होत्या. त्या विसरल्या.

हिवाळ्यात भोकरच्या बाजूला एका तलावावर स्पर्धा ठरली. अकॅडमीची बस नांदेडमार्गे निघाली तेव्हा ‘शंभर टक्के निकाल’ असे फलक लातूरच्या चौकांत आदल्या दिवशीच लागले होते, कारण निकालानंतर छापखान्यात गर्दी होते.

शिट्टी वाजली. बरेचसे विद्यार्थी गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले आणि बाक शोधू लागले. गुरुपादप्पा मात्र मानी माणूस. ते शिकवल्याप्रमाणे हात मारत खोल पाण्यात गेले आणि खाली जाऊ लागले. एकदा हात वर दिसला, मग तोही दिसेना. बाई श्वासाचे सूत्र मनात म्हणत पुढे चालल्या होत्या. ते दृश्य पाहिले आणि सूत्र विसरले. अंगानेच आपले काम सुरू केले. विहिरीतल्या पोरीसारखी उलटी बुडी मारून त्यांनी गुरुपादप्पांची कॉलर धरली आणि त्या ताडमाड देहाला फरफटत काठावर आणून टाकले. पाणी ओकत गुरुपादप्पा रडू लागले.

यज्ञेश सर धावत आले. बाईंना वाटले, सर काहीतरी बोलतील. सर बोलले.

“मॅडम, कॉलर धरून ओढणं? हे आपण कधी शिकवलं? एवढ्या लोकांसमोर अकॅडमीचा टी-शर्ट घालून?”

ओल्या कपड्यांनी बाई रेसच्या सायकलीवर चढल्या. पहिल्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. ब्रेक लागला, सायकल थांबली, आणि टेकायला पाय खाली गेला तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही. खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला.

महिनाभराने, हात गळ्यात अडकवलेला असतानाच, त्यांची धाकटी लेक इरा गल्लीत सायकल चालवू लागली. शेजाऱ्याची जुनी सायकल, कुणी न शिकवता, केस उडवत, ओरडत. बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांना बरे वाटत होते.

“अशी वाऱ्यावर सोडू नको तिला,” केवळाबाई मागून म्हणाल्या. “हात बिघडंल लेकराचा. सरांच्या लहान पोरांच्या फौंडेशन बॅचला घाल.”

सौदामिनीबाईंना सगळे ठाऊक होते. कोरडा बाक ठाऊक होता, गुरुपादप्पांचे निळे पडलेले ओठ ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्या इराचे बोट धरून अकॅडमीच्या जिन्यात रांगेला लागल्या. पुढचा एक बाप मागे वळला.

“ताई, तुमचा अनुभव काय? इथं खरंच पोहायला शिकवतात का हो?”

बाईंनी खालच्या पायऱ्यांकडे पाहिले. रांग पार रस्त्यावर गेली होती.

“निकाल चांगला आहे,” त्या म्हणाल्या.

त्याला एवढेच हवे होते. वाचकहो, तुम्ही हसताय, हसा. पण वर्गात पहिल्या बाकावर कुणीतरी रुमाल टाकून ठेवलाय. विचारले तर म्हणाले, तुमच्या लेकरासाठी.