बाहेरचे परीक्षक

लेकीला आर्किटेक्चरच्या दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि घरात दोन पक्ष पडले. नवं कॉलेज शहराबाहेर, काचेचं, सगळं कॉम्प्युटरवर. आई आणि लेक त्या बाजूला. जुनं कॉलेज म्हणजे बाबा स्वतः शिकले ते. तिथे अजून सुरुवातीला हातानंच रेघा मारायला लावत. त्या बाजूला एकटे बाबा.

"हातानं रेघ मारल्याशिवाय भिंत कळत नाही," बाबा म्हणाले.

"तुला कळली ना? मग जन्मभर लोकांचे ओटे आणि माळेच का करत बसलास?" आई म्हणाली.

घाव वर्मी बसला. पण बाबांनी चिकाटी सोडली नाही. "नुसतं बघून तर ये," म्हणत त्यांनी लेकीला गळ घातली आणि स्वतःचा एकुलता एक चांगला कोट चढवून तिला घेऊन निघाले.

जिन्यातच कागदाचा आणि डिंकाचा तो वास आला आणि बाबांचं वय झरझर उतरलं. लेकीला मागे टाकून ते वरच्या स्टुडिओच्या दारात पोचले. दारात एक घामाघूम झालेले तरुण मास्तर उभे होते.

"या सर, या! तुमचीच वाट बघतोय!"

इतक्या वर्षांनी कुणीतरी ओळखलं म्हणून बाबांना भरून आलं. ते दाखवलेल्या खुर्चीत बसले. चहा आला. मास्तर उरलेल्या मुलांना गोळा करायला खाली पळाले. एका मुलीनं भिंतीवर ड्रॉइंग लावलं आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, "सर, हे माझं वाचनालय." तेव्हा कुठे बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. आज परीक्षा होती आणि बाहेरचे परीक्षक म्हणून तेच बसले होते!

उठायला हवं होतं. पण याच खिडकीपाशी त्यांच्या सरांनी, "ही खिडकी आहे की भगदाड?" म्हणत त्यांचं ड्रॉइंग टराटरा फाडलं होतं. बाबांनी त्या मुलीकडे पाहिलं आणि तोंडून निघालं, "सुंदर!"

दारातून लेक डोळे वटारून खुणा करत होती. बाबा दुसरीकडे बघू लागले.

नुसतं 'सुंदर' म्हणून किती वेळ निभावणार? पुढच्या मुलाला त्यांनी आपल्याला येत होतं ते विचारलं. "झाडू कुठे ठेवणार?"

"सर?"

"एवढं मोठं वाचनालय. झाडून झाल्यावर झाडू कुठे जाणार?"

मुलगा आपल्याच ड्रॉइंगमध्ये झाडूला जागा शोधू लागला. बातमी वाऱ्यासारखी बाहेर गेली. व्हरांड्यात थांबलेली सगळी मुलं पेन्सिली घेऊन आपापल्या कागदांवर तुटून पडली. पुढच्या मुलीकडे जिन्याखाली झाडूची खोली निघाली. तिच्यानंतरच्याकडे दर मजल्यावर एक. शेवटच्या पठ्ठ्यानं तर पुस्तकं कोपऱ्यात सारून मधोमध गोल घुमटाचं झाडू-दालनच काढलं.

"हे काय चाललंय?" मागून करडा आवाज आला. गाडी बंद पडल्यामुळे उशीर झालेल्या, खऱ्या परीक्षक मॅडम मास्तरांबरोबर दारात उभ्या होत्या. "असलं दालन काढायला सांगितलं कुणी?"

साऱ्या वर्गानं बाबांकडे बोट केलं.

"मी इथला जुना विद्यार्थी," बाबा उठत पुटपुटले. "मुलीला कॉलेज दाखवायला आलो होतो."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. पत्रात परीक्षकांचं नुसतं आडनावच होतं.

"मग बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"इथेच माझं ड्रॉइंग फाडलं होतं, मॅडम. वाटलं, कुणीतरी या मुलांशी बरं बोलावं."

मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. "माझं याच खिडकीतून खाली फेकलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी रडत रडत बागेतून गोळा करून आणलं." आणि त्यांनी बाबांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली. "बसा. पण झाडू पुरे आता."

परीक्षा आटोपल्यावर दोघं घरी निघाले.

"कसं वाटलं कॉलेज?" बाबांनी भीत भीत विचारलं.

"मस्त आहे, बाबा. तो स्टुडिओ तर फारच आवडला."

"मग?"

"मग काय! तिथे गेले तर पाच वर्षं मला झाडूवाल्या सरांची मुलगी म्हणतील. मी नव्या कॉलेजात जाते."

बाबांचं तोंड उतरलं, ते घरी पोचेपर्यंत वर आलं नाही. पुढच्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. मुलं त्या सरांना पुन्हा बोलवा म्हणून मागे लागली होती. आठवड्यातून एक दिवस शिकवायला जमेल का?

सत्र सुरू झालं त्या सकाळी लेक नव्या कॉलेजच्या बसमध्ये चढली, हात हलवून निघूनही गेली. आई मात्र अजून दारातच डबा घेऊन उभी होती.

"आटप लवकर," ती आत बघून ओरडली, "पहिल्याच दिवशी उशिरा गेलास तर वर्गाबाहेर उभं करतील!"

बाबा आरशापुढे चौथ्यांदा भांग पाडत होते.