निमगडे साहेबांवर गोळीबार

श्रीहरी मांदाडेनं ठरवलं ते एवढंच, की घरातल्या टीव्हीला हात न लावता व्हिडिओ गेम खेळायचा.

गेम आणला होता त्याच्या मेव्हण्यानं, भैयाजीनं. भैयाजी मस्कतला वेल्डर होता. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुटीवर आला, तो बहिणीला साडी आणि भाटव्याला, म्हणजे श्रीहरीला, ही काळी पेटी घेऊन. पेटीला एक दांडी, दांडीवर लाल बटण. टीव्हीला जोडली की पडद्यावर खाली बंदूक येते, वरून किडे उतरतात आणि आपण ते मारायचे.

पण टीव्ही बायकोच्या, कांताच्या ताब्यात होता. मागं एकदा श्रीहरीनं त्याचा ‘आवाज सुधारला’, तेव्हापासून बातम्या देणारी बाई सर्दी झालेल्या हवालदारासारखी बोलायची.

“टीव्हीच्या वाटे गेले त मी मायच्या घरी चालली जाईन, धानोऱ्याले,” कांतानं बजावून ठेवलं होतं.

श्रीहरी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात स्टोअरचा क्लार्क. तिथला एक कॉम्प्युटर दुरुस्तीला नागपूरला गेला होता आणि त्याचा मॉनिटर तेवढा मागं राहिला होता. हिरव्या अक्षरांचा. श्रीहरी थेट केंद्राच्या मोठ्या इंजिनिअरकडे, निमगडे साहेबांकडे गेला. साहेब त्याच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे.

“साहेब, मॉनिटर घरी नेऊ का? कॉम्प्युटर शिकावं म्हणतो.”

साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी परवानगी तर दिलीच, शिवाय चार जणांसमोर “जिद्द असावी तर मांदाडेसारखी” असंही म्हणाले. (नुसत्या मॉनिटरवर कॉम्प्युटर कसा शिकतात, हे चौघांपैकी कोणी विचारलं नाही.)

चादरीत गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर बांधून मॉनिटर घरी आला. पण गेमची पिन मॉनिटरच्या कोणत्याच भोकात जाईना. मग रविवारी सकाळी श्रीहरीनं इन्स्ट्रुमेंट सेक्शनच्या मनसारामला बोलावलं. मनसारामनं मागून पुढून पाहिलं.

“हे सरळ नाई जमत भाऊ. मधात व्हीसीआर पाहिजे. मी माहा आणून देतो. व्हीसीआरची तार मॉनिटरले लावा, अन् गेमची तार लावा अँटेनाच्या जागी.”

“बस?”

“बस.”

मनसाराम व्हीसीआर ठेवून ड्युटीवर गेला. ‘अँटेनाच्या जागी’ म्हणजे व्हीसीआरच्या मागं अँटेनाचं भोक असतं तिथं, हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. आणि श्रीहरीला विचारावंसं वाटलं नाही. अँटेनाची जागा त्याला ठाऊक होती. ती भिंतीत होती! सगळ्या बिल्डिंगची अँटेना गच्चीवर एकच, तिथून घरोघर तार आलेली. श्रीहरीनं व्हीसीआर मॉनिटरला लावला, कांताची नजर चुकवून आपल्या टीव्हीची तार काढली आणि गेमची तार अँटेनाच्या तारेला पीळ देऊन पक्की जोडली. वरून चिकटपट्टीही लावली.

तो रविवार साधा नव्हता. संध्याकाळी टीव्हीवर निमगडे साहेबांची, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली मुलाखत लागणार होती. साहेबांची आई, इंदिराबाई, मुद्दाम सावलीहून एसटीनं आली होती. धानाच्या बांधीत चिखल तुडवून तिनं लेकाला इंजिनिअर केलं होतं. तो लेक आता पेटीत दिसणार होता. सगळी बिल्डिंग साहेबांच्या घरी जमली. कांता तर तासभर आधीच जागा धरायला गेली.

“तुमी नाई येत?”

“डोकं दुखून राह्यलं,” श्रीहरी म्हणाला.

सगळी बिल्डिंग वर जाऊन बसेपर्यंत तो थांबला, मग त्यानं बटणं दाबली. मॉनिटरवर हिरव्या मुंग्या. दुसरं काही नाही. त्यानं दांडी डावीकडे ढकलली, उजवीकडे ढकलली, लाल बटण दाबून पाहिलं. मुंग्याच. मग तो चिडला आणि धडाधड बटण दाबत सुटला.

वरून आरडाओरडा ऐकू आला. ‘दिसले वाटते साहेब,’ असं म्हणून त्यानं पुन्हा बटण दाबलं.

वर काय चाललं होतं ते त्याला मागाहून कळलं. निमगडे साहेब टाय लावून पडद्यावर आले, “कोळशाची बचत” एवढं बोलले आणि त्यांच्या गळ्यापाशी एक बंदूक उगवली. कपाळावरून किडे उतरू लागले. बंदूक साहेबांच्या नाकावर टुंई टुंई गोळ्या झाडू लागली आणि कोपऱ्यात गुण वाढू लागले. कोणी टीव्हीला थापड मारली, कोणी गच्चीवर धावलं. अँटेना डोंबकावळ्यानं वाकवली, असंही एकाचं म्हणणं पडलं. इंदिराबाई तेवढी उठून उभी राहिली.

“माह्या लेकाच्या तोंडावर गोया मारून राह्यले! कोन हाये तो? कुठी हाये?”

कांताला पेटी आठवली. बंदूक आठवली. ती खाली धावली. तिच्या मागं साहेब, साहेबांच्या मागं छत्री उगारलेली इंदिराबाई आणि तिच्या मागं बिल्डिंग.

दार उघडलं. दांडी हातात धरून श्रीहरी घामाघूम बसला होता.

“काय करून राह्यले तुमी?” कांता किंचाळली.

“काईच नाई! दिसूनच नाई राह्यलं काई!”

साहेबांनी मॉनिटर पाहिला, तार पाहिली, चिकटपट्टी पाहिली. “हे कॉम्प्युटर शिकणं चाललंय?”

 मेमो मिळेल, नोकरी जाईल, कांता धानोऱ्याला जाईल, सगळं श्रीहरीला एकदम दिसलं. पण त्याहून वाईट म्हणजे इंदिराबाईची छत्री खाली आली होती आणि डोळे भरले होते.

“झालं का रे बापू? आता नाई दिसत का तू?”

कार्यक्रम संपला होता.  शेवटी कांता म्हणाली, “साहेब, तुमी इथीच बोला ना. जे तिथी बोलले ते. आजी समोरच हाये.”

साहेब लाजले. मग त्यांनी वरून टाय मागवला, श्रीहरीच्या पलंगाशी उभे राहिले आणि कोळशाच्या बचतीवर सगळी मुलाखत पहिल्यापासून म्हणून दाखवली. इंदिराबाईनं एकेक शब्द ऐकला. शेवटी तिनं उठून लेकाच्या तोंडावरून हात फिरवला.

“टीव्हीपक्षी हेच बरं. हात त लावता येते.”

मग हवा बदलली. चहा झाला. कोणीतरी म्हणालं, तो गेम वर साहेबांच्या टीव्हीला लावून पाहू. मनसाराम ड्युटीवरून आला, त्यानं दोन मिनिटांत लावून दिला. सकाळपासून ज्यासाठी धडपड केली, ते चित्र अखेर श्रीहरीच्या समोर आलं. सगळे म्हणाले, मांदाडे, पहिला मान तुमचा. श्रीहरीनं बाह्या सरसावल्या, बैठक मारली, डोळे पडद्यावर रोखले.

पहिल्याच किड्यानं बंदूक खाल्ली. दुसरी बंदूक दुसऱ्यानं. तिसरी आली कधी, गेली कधी, ते त्याला कळलंच नाही. पडद्यावर भलंमोठं शून्य.

“मघाशी त तीनशे चाळीस झाले होते,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

इंदिराबाईनं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बापू, तू डोये मिटूनच खेळत जा.”