बाबांचं रंधायंत्र

“माझ्या बाबांच्या शवपेटीला हाताचा रंधा लागणार नाही!” थर्झाने भर अंगणात जाहीर केलं, तेही नदीपलीकडच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात.

तिचे वडील, अ‍ॅसाहेल टटल, आदल्या दिवशी सकाळी गेले होते. फळ्या तासणारं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. वॉशिंग्टनहून त्याचं पेटंट आलं, तेव्हा बायकोची तसबीर उतरवून त्यांनी ते तिथे टांगलं होतं. सगळ्या व्हरमाँटमध्ये असं यंत्र नाही, असं ते सांगत. मग त्यांचीच पेटी दुसऱ्या कशाने तासायची?

लेमुएलकाका त्यांचे धाकटे भाऊ, गावातले सुतार. ते म्हणाले, “पोरी, जुलैचा उकाडा आहे. त्याला ठेवलाय तो बर्फ वितळतोय. मी जेवणाआधी फळ्या करून देतो.”

“बाबा वरून हसतील, काका.”

“खाली होता तेव्हाही मला हसतच होता.”

थर्झाने ऐकलं नाही. तिने कारखान्यात जाऊन पाण्याची झडप उघडली, पाणचाक फिरलं, पट्ट्याने जोर धरला. पहिली फळी आत गेली. यंत्र खडखडलं, थडथडलं, आणि फळी बाहेर आली ती लाटाच लाटा घेऊन!

“ही पेटी आहे की कपडे घासायची पाटी?” काकांनी विचारलं.

तिने पाती परजली. फळी पुन्हा घातली. लाटा! पट्टा आवळला. पुन्हा लाटा! पेटंटचा नकाशा भिंतीवरून काढून आणला. त्यात प्रत्येक स्क्रूला अक्षर दिलं होतं आणि प्रत्येक स्क्रू जागच्या जागी होता. फळ्या मात्र दर फेरीला पातळ होत बिस्किटाच्या जाडीवर आल्या.

“आता अजून एकदा घातलीस,” काका म्हणाले, “तर अ‍ॅसाहेल बाहेरून दिसेल!”

“रोज चालायचं हो हे! त्यांच्या हाताखाली एक ओरखडा येत नव्हता. माझं काय चुकतंय, काका?”

 राहिलेल्या फळ्यांतली एक काकांनीच तिला उचलून दिली.

तेवढ्यात पाद्री गुडनाऊ आले. चढ चढून त्यांचा ऊर धपापत होता. त्यांनी हॅट काढली आणि आपलं भलंमोठं पोट यंत्राच्या कोपऱ्यावर टेकवलं. थडथड थांबली. फळी तळ्याच्या पाण्यासारखी बाहेर आली.

“थर्झा, तुझ्या दुःखात...” म्हणत ते पुढे सरकले. यंत्र पुन्हा थडथडलं.

“पाद्रीसाहेब, हलू नका!”

ते घाबरून मागे सरले, पुन्हा कोपऱ्याला टेकले. यंत्र पुन्हा गुणगुणू लागलं.

थर्झाने वाकून पाहिलं. त्या कोपऱ्याचं लाकूड झिजून काळं, गुळगुळीत झालं होतं. तिथे हाताएवढा खळगा पडला होता. बाबा तिथेच रेलून उभे राहायचे. वीस वर्षं. पाईप चावत, तिच्यावर ओरडत. थरथर आपल्या पेटंटातल्या नव्या स्प्रिंगने थांबवली, असं तेही समजत राहिले आणि वॉशिंग्टनही.

“मी प्रार्थना कधी सुरू करू?” पाद्रींनी हळूच विचारलं.

“इथूनच करा. फक्त पोट उचलू नका.”

तर अशा रीतीने, प्रार्थना चालू असताना, बाजूंच्या फळ्या झाल्या, झाकण झालं. तळाला मात्र फळी उरली नाही. बिस्किटं होती, पण बाबा वजनदार होते.

काका घरी जाऊन एक जाड फळी घेऊन आले. हाताने तासलेली.

“कधी केलीत?”

“काल. भाऊ आहे माझा.” मग म्हणाले, “तळाशी लावू. तो काही उलटून बघणार नाही.”

तिने फळीवरून हात फिरवला. “लावा,” ती म्हणाली.

दफनाहून परतेपर्यंत शेजारणींनी घरात पानं मांडली होती. थर्झा आधी कारखान्यात गेली. त्या खळग्याला कंबर टेकवून उभी राहिली.

“काका, पट्टा चढवा.”

पट्टा चढला. यंत्र थडथडलं. तिने आणखी रेटून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. थडथडतच राहिलं.

काकांनी झडप बंद केली.

“चल, जेवून घे,” ते म्हणाले. “तेवढं वजन यायला तुला बरंच जेवावं लागेल.”