गव्यांचा सत्कार आणि दुसऱ्या लीगचा पहिला हंगाम

एका जंगलात निवडणूक कधीच झाली नव्हती, पण अध्यक्ष मात्र होता. तो अस्वल होता. सगळे त्याला अस्वलकाका म्हणत. तो कुणाचाच काका नव्हता. पण मुलांनो, वय झालं की काका आपोआप होता येतं. त्याला परीक्षा नसते.

त्या जंगलात नदीकाठी एक हिरवंगार मैदान होतं. तिथे फुटबॉलची पहिली लीग चाले. सहा संघ, सगळे भारदस्त. कुणीही जिंको, कुणीही हरो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच सहा. शेवटचा नंबर दरवर्षी गव्यांचा असे. गवा चेंडूपाशी पोचेपर्यंत चेंडू तिथून निघून गेलेला असे. पण गवे वयाने सगळ्यात मोठे होते, म्हणून याबद्दल कुणी बोलत नसे.

लहान प्राणी काटेरी माळावर खेळत. त्यांच्यात वेणू नावाची एक खोकड होती. खोकड म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा. वेणू अंगाने छोटी होती, तोंडाने नव्हती.

ती एक दिवस अस्वलकाकाकडे गेली.

"काका, आम्हाला नदीकाठी खेळायचंय."

"खेळा की. नको कोण म्हणतंय?"

"तुम्ही."

"मी नको म्हणत नाही, पोरी. मी थांबा म्हणतो."

ती तीन पावसाळे थांबली. शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून अस्वलकाकाने दुसरी लीग जाहीर केली. खेळायचं माळावरच. पण दुसऱ्या लीगमधला पहिला संघ आणि पहिल्या लीगमधला शेवटचा संघ यांची एक लढत नदीकाठी होणार. जो जिंकेल तो पुढच्या वर्षी पहिल्या लीगमध्ये खेळणार.

उद्‌घाटनाच्या दिवशी सगळे वेळेवर हजर होते. सगळे म्हणजे खेळाडू. पाहुणे ऊन उतरल्यावर आले. मग प्रास्ताविक झालं. मग मंचावरच्या नऊ ज्येष्ठांना पळसाच्या पानांची शाल आणि एकेक कवठ देण्यात आलं. प्रत्येकाने 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणून फार वेळ घेतला. सामना सुरू झाला तेव्हा इतका काळोख पडला होता की बाळकू नावाच्या सशाने चेंडू समजून एका सायाळीला लाथ मारली. तो पुढचे चार सामने लंगडत खेळला. सामना शून्य-शून्य सुटला. अस्वलकाका म्हणाला, "कार्यक्रम छान झाला."

वेणू दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी.

"काका, आधी खेळ ठेवा."

"म्हणजे सत्कार बंद करायचे? मोठ्यांना काही मान आहे की नाही?"

"बंद कशाला? तुमचं चालू द्या. फक्त सूर्य सावरीच्या झाडाच्या शेंड्याला टेकला की पंचांनी शिट्टी मारायची. मंचावर समारंभ चालू, मैदानात खेळ चालू."

अस्वलकाकाने बराच विचार केला. यात आपलं भाषण कुठे कमी होतंय का, ते त्याने दोनदा तपासलं. होत नव्हतं.

"हा नियम दोन्ही लीगना लागू करू?" वेणूने विचारलं.

"लागू कर. कर काय करायचं ते."

त्याने नियमावर पंजा उमटवला. पंच बगळा होता. तो एका पायावर उभा राहून दिवसभर सूर्याकडे बघू शके, म्हणून त्याला नेमला होता.

मग हंगाम रंगला. एका कानात कुणाचातरी जीवनपट आणि दुसऱ्या कानात "पास दे, पास दे" असं ऐकत पोरं खेळली. वेणूचा माळ संघ सुरेख खेळे. ससे पळायचे, मुंगूस चेंडू हिसकावायचं आणि गोलपाशी सायाळ उभी असे. तिच्या दिशेने जोरात चेंडू मारायचा धीर कुणाला होत नसे, कारण जंगलात चेंडू एकच होता.

वेणू खेळता खेळता मंचाकडेही बघायची. एकदा मंचावर गांधीलमाश्या घुसल्या. श्रोते पळाले. अध्यक्ष पळाला. भाषण करणारा भाषणासकट पळाला. ज्या दोघांचा सत्कार व्हायचा होता, ते मात्र सुजलेल्या नाकांनी बसून राहिले. वेणूने ते नीट बघून ठेवलं.

हंगाम संपला. माळ संघ पहिला आला. आता गव्यांशी लढत.

तेवढ्यात अस्वलकाकाने आणखी एक घोषणा केली. माळ संघ हरला तर दुसरी लीग बंद. "पोरांची हौस झाली," तो म्हणाला. "आता अभ्यासाला लागा."

कसला अभ्यास, ते त्याने सांगितलं नाही. कोणीच कधी सांगत नाही.

त्या दिवशी माळावर कुणी सरावाला उठेना.

"वेणू, मी काल गव्याचा खूर जवळून पाहिला," बाळकू म्हणाला. "त्यात मी मावतो. कानांसकट."

"मग खुराखाली जाऊ नकोस."

"अकरा गवे आहेत. चव्वेचाळीस खूर. मी जायचं कुठे?"

वेणूला मंचावरची ती सुजलेली नाकं आठवली. ती उठली आणि थेट अस्वलकाकाकडे गेली. या वेळी ती वाकून नमस्कार करून बसली.

"काका, लढतीच्या दिवशी आम्हाला गव्यांचा सत्कार करायचाय. पूर्ण संघाचा. अकराच्या अकरा."

अस्वलकाकाचे डोळे पाणावले. "पोरी, उशिरा का होईना, तुला कळलं."

"प्रत्येकाचा परिचय तुम्हीच करून द्या. थोडक्यात नको."

"थोडक्यात मला जमतही नाही," अस्वलकाका म्हणाला.

लढतीचा दिवस उजाडला. नदीकाठी सगळं जंगल लोटलं. अकरा गवे वयाच्या क्रमाने मंचावर बसले. मंच थोडा खचला. अस्वलकाकाने थोरल्या गव्याचा परिचय त्याच्या पणज्यापासून सुरू केला. तो थोरल्या गव्याच्या बालपणापर्यंत आला, तेव्हा सूर्य सावरीच्या शेंड्याला टेकला.

बगळ्याने शिट्टी मारली.

मैदानात माळ संघ उभा होता. समोर कुणीच नव्हतं.

"आजोबा," सगळ्यात धाकटा गवा कुजबुजला. तो त्यांचा गोलरक्षक होता. "खेळ सुरू झाला. मी जाऊ?"

"बस खाली. तुझी शाल यायची आहे अजून."

"पण गोल मोकळा आहे."

"तुझ्याआधी दहा जण बसलेत. मोठे बसलेले असताना तू उठणार?"

धाकटा बसला. वेणूने चेंडू बाळकूला दिला. बाळकूने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, एकही खूर दिसला नाही. तो रमतगमत गेला आणि त्याने गोल केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंचावर बसलेल्याने टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून गव्यांनीही वाजवल्या.

चौथ्या गोलला थोरला गवा सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिला. "आमच्या काळी," तो म्हणाला, आणि नऊ गोल झाले.

सातव्या गव्याला शाल मिळाली तेव्हा सायाळही गोल सोडून पुढे आली आणि एक गोल करून गेली. तिने चेंडू अगदी हळूच ढकलला. धाकट्याची पाळी आली, त्याने घाईघाईने शाल घेतली, कवठ घेतलं आणि मैदानात उडी मारली. त्याच क्षणी बगळ्याने शेवटची शिट्टी मारली. एकवीस-शून्य.

अस्वलकाकाने नियम मागवला. नियमावर त्याचाच पंजा होता.

"गवेदादा, तुमची तक्रार असेल तर बोला," त्याने आशेने विचारलं.

थोरल्या गव्याने शाल सारखी केली. "तक्रार कसली? इतक्या वर्षांत आम्हाला कोणी इतका वेळ बोलू दिलं नव्हतं. फार गुणी पोरं आहेत."

अशा रीतीने माळ संघ पहिल्या लीगमध्ये गेला आणि गवे शाली पांघरून दुसऱ्या लीगमध्ये आले.

पुढच्या हंगामात नदीकाठच्या पहिल्याच सामन्याआधी अस्वलकाका वेणूपाशी आला. आवाज मधाळ होता.

"वेणूताई, वर या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. छोटासा सत्कार."

वेणू गवतावर पाय घासत होती. नदीकाठचं गवत खरंच मऊ होतं.

"खेळ संपल्यावर, काका."

"खेळ संपल्यावर सत्काराला थांबतं कोण?"

"म्हणूनच," वेणू म्हणाली आणि चेंडूमागे पळाली.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचा नेहमी मान राखावा. त्यांना उंच आसनावर बसवावं, शाल घालावी आणि भरपूर बोलू द्यावं. तेवढ्या वेळात मैदान मोकळं मिळतं.