कौसावहिनींचा अंगठा

आमच्या तिसगावात इंजिनाचं टायमिंग बसवायला भागूजी मिस्त्रींकडे एकच उपकरण होतं, ते म्हणजे त्यांच्या बायकोच्या उजव्या हाताचा अंगठा. मी थट्टा करत नाही. माझी पिठाची गिरणी त्यांच्या शेडला लागून आहे, मधे फक्त छातीएवढा पत्रा, त्यामुळे तीसेक वर्षं हा प्रकार मी पाहत आलो आहे.

इंजिन खोलून पुन्हा जोडलं की शेवटी ठिणगी नेमकी केव्हा पडायची ते ठरवावं लागतं. त्यासाठी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, त्या भोकावर एकाने अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पुढून हँडल सावकाश फिरवायचं. पिस्टन दोनदा वर येतो. एकदा दाबलेली हवा घेऊन येतो आणि अंगठा उचलतो, एकदा नुसताच येतो. हवेच्या वेळी ठिणगी बसवली तर गाडी चालू, नुसत्या वेळी बसवली तर कार्बोरेटरमधून फटाका. मला गिरणीवाल्याला कळलं म्हणजे कोणालाही कळेल.

बाकीचे मिस्त्री त्या भोकात कागदाचा बोळा कोंबतात आणि तो उडाला की खूण धरतात. भागूजींना हा अपमान वाटायचा. "बोळ्याला काय कळतंय?" म्हणायचे आणि घराकडे तोंड करून हाक द्यायचे, "अगं ए, अंगठा आन." कौसावहिनी पिठाचे हात पदराला पुसत यायच्या, भोकावर अंगठा ठेवायच्या, पत्र्यावरून माझ्याशी गप्पा मारायच्या आणि बोलता बोलता मधेच म्हणायच्या, "आली." ती आली म्हणजे आली. पाथर्डीच्या रस्त्यावरच्या कितीतरी जुन्या जीपा त्या एका शब्दावर पळाल्या आहेत.

टायमिंग हा मिस्त्रींचा देव होता. एसटी उशिरा आली, लग्न मोडलं, भाजीत मीठ जास्त झालं, सगळ्याचं निदान एकच. "टायमिंग हुकलंय, दुसरं काय न्हाई." माझ्यावर तर त्यांचा विशेष लोभ. "तात्या, तुमचं टायमिंग जलमापासनं दोन डिग्री मागं हाय. आता तुमाला खोलून बी उपेग न्हाई." मीही काही कमी नव्हतो, पण माझी उत्तरं गिरणीच्या आवाजात वाया जायची.

मग गाड्यांत कॉम्प्युटर आले आणि ठिणगीचं काम तेच बघायला लागले. शेडमध्ये उरली एकच गाडी, मिस्त्रींची स्वतःची पेट्रोलची जीप. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिचं इंजिन खोललं. वहिनींचं माहेर श्रीरामपूरकडे. त्यांना शुगर आहे, पाय बधिर झालेत, एसटीच्या पायरीवर पाऊल पडलं की नाही तेच कळत नाही. "हिला जीपमदी उचलून बसवतो अन् भावाच्या दारात उतरवतो," असं मिस्त्रींनी अख्ख्या पेठेत जाहीर केलं.

इंजिन जोडलं. वहिनींनी अंगठा धरला. "आली," म्हणाल्या. मिस्त्रींनी बोल्ट आवळला, स्टार्टर मारला आणि असा फटाका झाला की माझ्या दारातली कुत्री बाजारतळापर्यंत पळाली. वहिनी दचकल्या आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"प्लग वल्ला हाय," मिस्त्री घाईघाईने म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी हेड खोलून बसले.

दुसऱ्यांदा फटाका. "पेट्रोलात पानी हाय." तिसऱ्यांदा फटाका. "कॉईल गरम झाली." चौथ्यांदा तर त्यांनी हवामानावर घातलं. दर वेळी सगळं खोलायचं, पुसायचं, पुन्हा जोडायचं, यात दोन-दोन महिने जायचे. गाव हसायला लागलं. ज्यांनी मिस्त्रींकडून गाडी सुरू करून नेली होती तेच आता पारावर म्हणायचे, मिस्त्रीचंच टायमिंग हुकलं. मोटारसायकलींची पंक्चरंसुद्धा पुढच्या दुकानात जायला लागली. मला त्या हसणाऱ्यांचा संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर मिस्त्रींचाही.

एकदा पाथर्डीचा एक म्हातारा ड्रायव्हर दळण घेऊन बसला होता. त्याला मी सारी कथा सांगितली. तो म्हणाला, "ठिनगी नुसत्या फेऱ्यावर बसलीय. ठिनगी वाटायचा डिस्ट्रिब्युटर उचलायचा, अर्धा फिरवायचा अन् ठिवायचा. पाच मिन्टाचं काम. हे त्यांना ठावं न्हाई व्हय?"

मी तसाच शेजारी गेलो. मिस्त्री चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. भाकरीचा आकार बघवत नव्हता. वहिनी ओट्यावर नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीवर, उजव्या अंगठ्याला चिंधी. मी मिस्त्रींपाशी बसून हळूच ड्रायव्हरचं म्हणणं सांगितलं.

"ठावं हाय," ते भाकरीवरची नजर न काढता म्हणाले.

"मग?"

"तिच्या बोटान्ला काय बी कळत न्हाई, तात्या. परवा तव्याला अंगठा चिकटला, मी वास आल्यावर वडला. चूल काढून घितली, सुई काढून घितली, निवडनं काढून घितलं. दिसभर बसून ऱ्हाती." त्यांनी भाकरी उलटली, ती मोडली. "एवढं एकच काम हाय तिच्याकडं. ती आली म्हनली अन् मी मागनं फिरवलं, तर ती बघती. तिला समदं कळतंय त्यातलं."

"अहो, पण माहेर?"

"तितं नेलं तरी बसवूनच ठिवतील की."

मोडकी भाकरी दोन तुकड्यांत ताटात गेली.

पाचव्यांदा इंजिन जोडून झालं तेव्हा मी मनाशी एक ठरवलं होतं. दाबलेली हवा अंगठ्याखालून सुटते तेव्हा फुस्स असा आवाज होतो. माझ्या गिरणीच्या धडधडीत तो कधी ऐकूच यायचा नाही. वहिनींना अंगठ्याने नाही तर कानाने कळेल, एवढा साधा हिशोब. त्यांनी अंगठा ठेवला आणि मी गिरणी बंद केली.

"लाईट गेली का?" डबे घेऊन बसलेल्या बायकांनी विचारलं.

"हो, गेली," मी म्हणालो. माझ्या डोक्यावर बल्ब जळत होता.

मिस्त्रींनी हँडल फिरवायला सुरुवात केली. शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि फुस्स झालं. मला पत्र्याअलीकडे ऐकू आलं. मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी अंगठ्याकडे बघत होत्या. एकटक. कानांनी ऐकलं असेलही, पण जन्मभर त्यांना अंगठ्याने सांगितलं होतं आणि त्या अजून त्याच्याच सांगण्याची वाट बघत होत्या.

मग मिस्त्रींनी हँडल पुढे नेलं. पिस्टन नुसताच वर आला, कसलाही आवाज नाही.

"आली," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी पूर्वीसारखा.

"आली ना? बास," मिस्त्री म्हणाले आणि तिथेच बोल्ट आवळला.

मग ते माझ्याकडे न बघता स्टार्टरकडे वळले. मी धावत जाऊन फटाक्याआधी गिरणीचं बटण दाबलं, आणि जात्यात दाणे नसतानाही ती तशीच चालू ठेवली.