सप्त्याचा अखंड भोंगा

या, असे जरा जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. गोष्ट हरिनामाची आहे, मोटारीची आहे आणि थोडी गुळाचीही आहे. तिन्हींचा मेळ शेवटी बसतो, तेवढा धीर मात्र धरा.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आले होते. पळसदरीला चैत्रातला सप्ताह बसला होता आणि हिरामणाच्या घरात त्याची आई सोनाबाई खाटेवर पडून छपराकडे बघत होती. दिवाळीत ती अंगणात घसरली, खुबा दुखावला आणि तेव्हापासून खाट सुटली नव्हती. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिने काल्याचे कीर्तन कधी चुकवले नव्हते. या वर्षी ते चुकणार होते.

"आये, खाटेसकट उचलून नेतो तुला," हिरामण म्हणाला. "चार जण काय, आठ जण येतील."

"चार जणांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार हाय," सोनाबाई म्हणाली. "आत्ता गेले तर लोक फुलं टाकतील. मग काय उतरून घरी येऊ?"

हिरामण बाहेर पडला आणि ओसरीवरून वर बघत राहिला. त्याच्या भातखाचरांवरून विजेच्या जाड तारा गेल्या होत्या. खोपोलीला डोंगरावरून पाणी पाडून वीज करतात आणि ती या तारांवरून मुंबईला जाते. रात्रंदिवस ती पळसदरीच्या डोक्यावरून गुणगुणत जाई. पण वाटेत पाणी प्यायलासुद्धा थांबत नसे. खाली गावात कंदील तो कंदीलच.

"चिमूटभर सांडली असती तर काय बिघडलं असतं?" हिरामण तारांना म्हणाला. तारांनी नेहमीप्रमाणे फक्त हुंकार दिला.

मग त्याला कर्जतचा वाल्मिक आठवला. वाल्मिकचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि लष्कराच्या विक्रीतून त्याने एक आवाज मोठा करायची पेटी उचलली होती. कुणी गोरा शिपाई त्या पेटीला तार जोडून मांडीवर आडवी धरलेली गिटार वाजवी म्हणे. वाल्मिकने गिटारीच्या जागी माईक लावला होता, पेटीच्या लहान कर्ण्याच्या जागी लांब भोंगा बसवला होता, आणि गिऱ्हाईकाची वाट बघत होता.

"आयेला घरबसल्या कीर्तन ऐकवायचंय, पण आमच्याकडं वीज नाय रं," हिरामण त्याच्या दुकानात जाऊन म्हणाला.

"पलटण रानात ऱ्हायची, तिथं कुठली वीज? मोटारीच्या बॅटरीवर चालती ही. तू बॅटरी आण, मी पार डोंगरापर्यंत नाम पोचवतो."

बॅटरी म्हटल्यावर हिरामणाच्या डोळ्यांपुढे एकच मोटार आली. कारण त्या रस्त्याला दुसरी नव्हतीच. खालापूरहून खोपोली, पळसदरी करत कर्जतला जाणारी ती मोटार हिरामणाचा साडू धाकलू चालवी. काल्याच्या दिवशी सकाळी खालापूरहून कीर्तनकार रावजीबुवांना आणायचे कामही हिरामणाने त्याच्यावरच सोपवले होते. दर वर्षी बुवा बैलगाडीतून येत आणि कीर्तनाच्या आधी कंबर शेकून घेत. या वर्षी मोटारीतून यायचे म्हणून ते खूश होते.

आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आधी मोटार पळसदरीला थांबली. हिरामणाने बॅटरीचे बोलून दाखवले.

"ने की," धाकलू म्हणाला. "बॅटरी दिव्याला आन् हॉर्नला लागती. बुवांना दिवसाउजेडी आणायचं, मधी कुणाला हॉर्न द्यायचाय, म्हशीला?"

"पण मोटार चालू होईल ना?"

"माझ्या जुन्या मोटारीची बॅटरी वर्षानुवर्षं मेलेली व्हती. हँडल मारलं की भुर्रर्र! इंजिन बंद न करताच काढतो, बघ."

त्याने खरोखरच इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या तारा सोडल्या. वाल्मिक, हिरामण आणि जमलेले गावकरी श्वास रोखून बघत राहिले. इंजिन धडधडतच राहिले.

"बघा! म्हटलं नव्हतं?" धाकलू अभिमानाने म्हणाला, गाडीत चढला आणि धूळ उडवत खालापूरला गेला. जुनी मोटार नुसत्या हँडलावर चालू होई; या महिन्याभरापूर्वी आलेल्या मोटारीला मात्र चालू व्हायला बॅटरीची ठिणगी लागते, हे त्याला माहीत नव्हते. माहीत होण्यासाठी ती एकदा बॅटरीवाचून बंद करावी लागली असती.

बॅटरी देवळात आली. नवी वस्तू देवापुढे आली की तिला हळदकुंकू लागते. तसे बॅटरीलाही लागले. वाल्मिकने भोंगा ओढ्याकाठच्या आंब्यावर चढवला आणि त्याचे तोंड पलीकडे, रस्त्याकाठच्या हिरामणाच्या घराकडे केले. पेटी आणि माईक देवळात, विणेकऱ्याशेजारी ठेवले.

काल्याच्या पहाटे त्याने पेटी चालू केली, माईकवर बोट वाजवले, पलीकडून चिंधीने हात हलवून ऐकू आल्याची खूण केली. चिंधी डोंगरावरच्या वाडीची; मोळी विकायला येई, आणि हल्ली सोनाबाईजवळ बसे.

"झालं. आता बुवा येईपर्यंत बंद करून ठेवू," वाल्मिक बटणाकडे हात नेत म्हणाला.

"थांब!" पंचमंडळी एकदम ओरडली.

सप्त्यात सुरू झालेली गोष्ट काल्यापर्यंत थांबवायची नसते. विणा खाली ठेवायचा नसतो, समई विझू द्यायची नसते, नाम तुटू द्यायचे नसते. मग देवापुढे हळदकुंकू लागलेला भोंगा मध्येच कसा बंद करणार?

"अवो, बॅटरी उतरंल!"

"देवाचं काम हाय. उतरली तर तो चढवंल."

वाल्मिकने देवाला हात जोडले. विणा पदूच्या गळ्यात होता. त्याला नाम सोडून बोलायची मुभा नव्हती. तो माईकशेजारी झुलत उभा राहिला. देवळात टाळमृदंगाचा गजर, भोंग्याचे तोंड ओढ्यापलीकडे. तेव्हा माईक चालू आहे हे घटकाभरात सगळे विसरले.

मग देवळातली जी ती व्यक्ती, पदू काही मध्ये बोलणार नाही या भरवशावर, त्याच्या शेजारी येऊन मन मोकळे करू लागली.

हिरामणाची बायको विमलबाई पदर खोचून सोबत रांधणाऱ्या चंद्राबाईला म्हणाली, "भोपळ्याच्या भाजीत तूबी मीठ टाकलंस का गं? मीबी टाकलंय."

"बोलू नको कुणाला. बटाटं टाकू, ओढून घेतील."

"आन् प्रसादाला गूळ कमी पडतोय. घरी हाय, पण कोण जाणार?"

"तुझ्या सासूच्या हाती लागू देतीस व्हय घरात गूळ?"

"वैदूनं नको म्हटलंय आत्यांना. म्हणून कोळशाच्या डब्यात लपवते. त्यांनी मागितला तरी चिंधी काय तिथं हात घालायची नाय."

दोघी हसल्या. पदू "रामकृष्णहरी" म्हणत झुलत राहिला.

इकडे खालापूरला धाकलू घामाने भिजला होता. रात्री त्याने मोटार बंद केली ती केलीच. सकाळपासून त्याने इतके हँडल मारले की एखाद्या विहिरीचे पाणी वर आले असते. लोकांनी ढकलून पाहिले. रावजीबुवाही उपरणे कमरेला बांधून मागून ढकलत होते.

"धाकलू," शेवटी बुवा धापा टाकत म्हणाले, "काल हिच्यातून काय काढून दिलंत?"

"बॅटरी, बुवा. तुमचाच आवाज मोठा करायला."

"अस्सं! म्हणजे माझा आवाज पळसदरीला पोचला, मी तेवढा इथं राहिलो." बुवांनी कपाळ पुसले. "गाडी जुंपा रे कुणी. माझ्या कंबरेनं आधीच ओळखलं होतं."

देवळात ऊन पायरीवर चढले, मग उंबऱ्यावर. बुवांचा पत्ता नव्हता. दहीहंडी टांगलेली होती आणि लोक पानांवर बसायच्या गोष्टी करू लागले होते. हिरामण रस्त्याकडे बघून बघून थकला आणि पदूशेजारी येऊन बसला.

"काय सांगू आता तिला?" तो वाल्मिकला म्हणाला. "तोंडानं म्हणतो मी, म्हातारीची कटकट मिटावी म्हणून केलं. पण तसं नाय रं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन गर्दीत मागं उभी ऱ्हायची ती. मला बुवा दिसायचं. तिला पुढच्या माणसाची पाठ. मी वर चुळबूळ करायचो, तिचं सगळं ध्यान मी पडू नये म्हणून. कीर्तन कवाच चुकवलं नाय म्हणती ती, पण धड ऐकलं तरी कवा? म्हटलं, एकदा तरी तिला नीट ऐकवू."

त्याने उपरण्यात नाक शिंकरले. पदूने डोळे मिटून नाम जरा मोठ्याने घेतले.

एवढ्यात ओढ्याकडून चिंधी धावत आली. "बुवा आलं! पर तिकडंच हायत! सोनाबाईनं गाडी अडवली दारात!"

"अडवली? खाटेवरून?"

"हाक मारून. म्हनली, विणा घेऊन समद्यांनी इकडं या. आन् हिरामणदादा, तुला सांगितलंय, भोंग्यात नाक शिंकरू नको, वरच्या वाडीतली गुरं बुजली."

हिरामणाने माईककडे बघितले. विमलबाईने माईककडे बघितले. चंद्राबाईने भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवले. वाल्मिक तेवढा छपराकडे बघत होता.

शेवटी पंचांनी विचार केला: जिथे विणा तिथे देऊळ. पदू विणा सांभाळत, नाम न सोडता ओढ्यात उतरला. त्याच्यामागे टाळकरी, मृदंग, दहीहंडी आणि सगळे गाव.

अंगणात सोनाबाईची खाट आली होती. गाडीवान आणि बुवांनी मिळून ती बाहेर काढली होती. बुवा शेजारी घोंगडीवर बसून गूळपाणी घेत होते. ताटलीत चिंधीने काढून दिलेली गुळाची ढेप होती, एका बाजूने काळीकुट्ट.

"गूळ गोड आहे हो सोनाबाई," बुवा बोटे पुसत म्हणाले, "पण काळा कसा?"

"कोळशाच्या डब्यात असतो आमचा," सोनाबाई म्हणाली. "मला आजच कळलं. सकाळपासून लई कळलं. विमल, बटाटं टाकलंस का गं भाजीत?"

विमलबाईने पदर डोक्यावरून इतका पुढे ओढला की तिला वाट दिसेना. सासूने गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. "घे. आन् आजपासून गूळ वेगळा ठेव. कोळशाचा वास येतो त्याला."

"आये," हिरामण दुरूनच म्हणाला, "तुला समदं ऐकू आलं?"

"मला कुठलं ऐकू यायला? म्हातारी मी." सोनाबाईने खाटेच्या कडेला हात आपटला. "बस इथं पुढं. मागं काय दिसत नाय."

तो बसला. बुवांनी पागोटे नीट केले, चिपळ्या घेतल्या आणि अभंग धरला. पण बुवांचा आवाज वयाने बारीक झाला होता, गाव मोठे होते.

"ऐकू येत नाय!" मागून ओरडा झाला. "भोंगा लावा!"

वाल्मिक ओढ्यातून पळत गेला आणि चालत परत आला. पेटीवरचा लाल दिवा विझला होता. बॅटरीने पहाटेपासून अखंड सेवा केली होती. मीठ, गूळ, नाक सगळे तिने पोचवले होते, आणि बुवांची पाळी आली तेव्हा ती बसली होती.

बुवा हसले. "हरकत नाही. असे जरा जवळ सरका."

सगळे गाव सरकले. गुडघ्याला गुडघा लागला, बाया ओटीवर चढल्या, चिंधी खाटेच्या पायाशी टेकली. वरून तारा गुणगुणत मुंबईला चालल्या होत्या. सोनाबाईने हात हिरामणाच्या खांद्यावर ठेवला आणि हंडी फुटेपर्यंत काढला नाही. त्या दिवशी प्रथमच तिने काल्याचे कीर्तन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकले. हिरामण मध्ये एकदाही चुळबुळला नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बैलगाडीतून खालापूरला गेली. ती रिकामी, मोटार मुकी, शेवटी तेच बैल मोटारीला जुंपून धाकलू कर्जतपर्यंत आला आणि वाटेत प्रत्येकाला म्हणाला, "हँडल खराब झालंय."

तर मंडळी, आज ना उद्या त्या तारा पळसदरीलाही थांबतील, तुमच्या सप्त्यातही भोंगा लागेल. लागू द्या. फक्त आपले बोलून झाले की बटण बंद करा; आणि गर्दीत कुणी बाई लेकराला खांद्यावर घेऊन मागे उभी दिसली, तर सोनाबाईची आठवण ठेवा आणि तिला पुढे जागा करून द्या.