अप्पांचा डिस्क ब्रेकचा ठराव

आमचे शेजारी अप्पा रस्त्यात कुणीही भेटले की सायकल स्टँडवर लावतात, घसा खाकरतात आणि सभा सुरू करतात. समोर एकच माणूस असला तरी ती सभाच असते. पेण-रोह्याच्या गावांतून आयुष्यभर ग्रामसेवक म्हणून हिंडलेल्या या माणसाला चहात साखर किती, हेही मताला टाकल्यावाचून ठरवता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात वरसे गावच्या उतारावर त्यांची सायकल थांबली नाही. ओल्या रिंगेवरून ब्रेकचे रबर नुसते सरकत राहिले आणि अप्पा, जणू तसेच ठरले असावे इतक्या शांतपणे, भाताच्या खाचरात उतरले. मी धावत पोहोचले तेव्हा चुरडलेल्या रोपांचा हिरवा वास त्यांच्या अंगाला येत होता आणि कोपरातून चिखल व रक्त एकाच धारेने ओघळत होते. मी हात पुढे केला. तो धरून उठता उठता ते म्हणाले, "बाय, डिस्क ब्रेकचा विषय आता विषयपत्रिकेवर घ्यायला लागंल."

त्या दिवसापासून मी एक अद्भुत पाहत आले आहे. जाड वही घेऊन अप्पा त्याच सायकलवरून गावोगाव मते गोळा करीत फिरू लागले. पेणला पापड लाटणाऱ्या एका बाईंनी लाटणे न थांबवताच सुनावले, "माझा हात थांबत नाय, तुमची सायकल मी कशी थांबवू?" वहीत नोंद झाली: तटस्थ. कासू स्टेशनबाहेरच्या चहावाल्याने होकार दिला. परंतु तो जन्मात सायकलवर बसलेला नसल्याचे उघड होताच त्याचे मत सविनय बाद करण्यात आले. एका शेतकऱ्याने विचारले, की एवढी थांबायची हौस आहे तर निघता कशाला. त्या दिवशी अप्पा विरोधी मत आणि पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन परतले.

मधूनमधून आमच्या दारात प्रात्यक्षिक होई. पुढच्या टोपलीत काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून अप्पा वेगात येत आणि उंबऱ्यापासून हातभर अंतरावर थांबत. पाण्याच्या कडेवर ऊन थरथरे. थेंब मात्र सांडत नसे. मी श्वास रोखून पाहत राही.

"थांबणं हे काम हाय, बाय," ते म्हणत. "लोक त्याला कामच मानत नायत." मग आभाळाकडे पाहून पुस्ती जोडत, "हे कोरड्यातलं झालं. ओल्यातलं काय, त्यावर चर्चा व्हावी."

चर्चा संपेना. वैशाख उलटू लागला, उतार पुन्हा ओला होण्याचे दिवस जवळ आले. मीच त्यांना कोलाडच्या मुनाफभाईंच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानी घेऊन गेले. वंगण आणि तापलेल्या रबराच्या वासात बसून मुनाफभाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

"काका, बहुमत हाय. डिस्क बसंल असा चिमटा, चाक, सगळा माल दुकानात हाय. दोन्हीकडं डिस्क बसवतो, संध्याकाळी घेऊन जा."

मला वाटले, अप्पा खुलतील. त्यांनी वही परत घेतली आणि ते तिच्या कडा अंगठ्याने सारख्या करीत राहिले.

"म्हंजे आता कुणाला विचारायचं नाय?"

अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यांच्या घरातून संध्याकाळी फ्रीजच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नाही, हे भिंतीला भिंत लागून असलेल्या मला ठाऊक होते. तरी ही वही कशासाठी भरत होती, हे मला त्या क्षणापर्यंत उमगले नव्हते.

मुनाफभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"पुढचा आज बसवतो. पावसाला तेवढं पुरं होईल," ते सावकाश म्हणाले. "मागच्याला मात्र मी असा परस्पर हात लावणार नाय. तुम्ही गावागावात विचारून या. कायबी घाई नाय."

अप्पांनी पेनाचे टोपण काढले, कोरे पान उघडले आणि घसा खाकरला.

"तर मग पहिलं मत तुमचं. बोला."

दुकानात तीन सायकली दुरुस्तीच्या रांगेत उभ्या होत्या. मुनाफभाईंनी हात पुसले, एक जुना टायर ओढून त्यावर बैठक मारली आणि समोरच्या हॉटेलात तीन चहा सांगितले.